उटणं, कुंकू आणि बाळाची पावडर: खनिजांबरोबर काय येतं आणि ते कसं तपासायचं

प्रश्न देवगड तालुक्यातल्या एका बचत गटाचा आहे. गट दरवर्षी दिवाळीला उटणं करतो. यंदा त्याच्या जोडीला मुलतानी मातीचा फेसपॅक, बाळाची पावडर, कुंकू आणि रंगीत लिपबाम काढायचं ठरतंय. मुंबईच्या एका गिऱ्हाइकाने मोठी ऑर्डर देण्याआधी विचारलं, "पावडरीत ॲस्बेस्टॉस नाही ना? मातीत शिसं नाही ना?" ताई लिहितात, "आम्ही एकही केमिकल घालत नाही, सगळं खनिज नाहीतर वनस्पती. तरी असं काही असू शकतं का? आणि नसेल तर ते दाखवायचं कसं?"

ताई, असू शकतं. आणि नाही हे दाखवायचं तर प्रत्येक पोत्यामागे तपासणीचा कागद लागतो. गिऱ्हाइकाला "सगळं नैसर्गिक आहे" असं कळवू नका. तुमच्या यादीतल्या ज्या वस्तूंची मला काळजी वाटते त्या नेमक्या नैसर्गिकच आहेत. शिसं, आर्सेनिक, पारा, ॲस्बेस्टॉस ही सगळी जमिनीतलीच. माती किंवा दगड खणून काढला की त्याच्या शेजारी जे पडून होतं तेही थोडंफार बरोबर येतं. किती येतं ते खाणीवर, थरावर आणि नंतरच्या धुण्या-चाळण्यावर ठरतं. मी अनेक वर्षं पावडरी आणि रंगांच्या कच्च्या मालाची तपासणी केली, आता रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या गटांना शिकवते. प्रशिक्षणात हमखास कोणीतरी आजी म्हणते, "आमच्याच डोंगरातली माती ती, तिच्यात इख खयसून येतला?" (विष कुठून येणार?) त्यांचा प्रश्न मी कधी हसण्यावारी नेत नाही, कारण उत्तर त्याच डोंगरात आहे. ते पुढे सांगते.

आधी एक गोष्ट, जिच्यावर बाकीचं सगळं उभं आहे. तीच वस्तू शरीरावर कुठे लागते यावर धोका बदलतो. धड कातडीतून शिशाची किंवा लोखंडाची भुकटी फारशी आत जात नाही. नाकातून, तोंडातून, डोळ्यातून आणि फुटलेल्या कातडीतून मात्र जाते. म्हणून कुठलंही प्रसाधन हातात घेतलं की मी पहिल्यांदा पाहते: हे उडतं का? ओठाला लागतं का? डोळ्यात जाईल का? लहान मुलाच्या हाताला लागून तोंडात जाईल का? तुमचं उटणं ओलं करून लावतात आणि पाच मिनिटांत धुऊन टाकतात, त्यामुळे ते या हिशोबात सगळ्यात कमी काळजीचं. नव्या चार वस्तूंचं तसं नाही.

सुरुवात बाळाच्या पावडरीपासून, कारण तिच्याबद्दल माझं मत ठाम आहे: ती काढूच नका.

बाळाच्या पावडरीत वर्षानुवर्षं शंखजिरे म्हणजे टाल्क वापरलं गेलं. ते मॅग्नेशियम आणि सिलिकाचं खनिज, सगळ्यात मऊ, नखाने ओरखडा पडतो. आपल्या देशातलं बहुतेक शंखजिरे राजस्थानातून येतं. अडचण अशी की मॅग्नेशियम भरपूर असलेल्या खडकावर उष्णता, दाब आणि पाण्याची क्रिया होऊन ज्या परिस्थितीत शंखजिरे तयार होतं, जवळपास तशाच परिस्थितीत ट्रेमोलाइट, अँथोफिलाइट आणि क्रिसोटाइल हीही खनिजं तयार होतात. ती तंतूंच्या रूपात वाढली की त्यांनाच ॲस्बेस्टॉस म्हणतात. एकाच खाणीत दोन्ही शेजारी-शेजारी असू शकतात, आणि दगड दळला की तांदळातले खडे निवडावेत तसं ते निवडून काढता येत नाहीत. म्हणून चांगला पुरवठादार खाण निवडतानाच खडक तपासतो. डोलोमाइटच्या थरात सापडणाऱ्या शंखजिऱ्यात आणि सर्पेंटाइन खडकातल्या शंखजिऱ्यात काय मिसळून येईल हे वेगवेगळं असतं, म्हणून "माल कुठल्या खाणीतला" हा प्रश्न विचारायला संकोच करू नका. जो सांगत नाही त्याच्याकडून घेऊ नका.

ॲस्बेस्टॉसचा तंतू फुप्फुसात खोल जातो, विरघळत नाही, शरीराला तो बाहेर टाकता येत नाही. त्यातून होणारे आजार, विशेषतः फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा हा कर्करोग, वीस-तीस-चाळीस वर्षांनी दिसतात. आज पावडर लावली आणि उद्या काही झालं नाही, याला म्हणूनच काही अर्थ नाही. (आपल्याकडच्या पडवीवरचे सिमेंटचे पत्रेही बहुतेक ॲस्बेस्टॉसचेच. २०२०च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागात घरोघरचे पत्रे फुटले. असे तुकडे उचलताना आधी पाणी मारून ओले करावेत आणि कधीही कुटू नयेत.)

आता खुद्द शंखजिऱ्याबद्दल, ॲस्बेस्टॉस अजिबात नसलेल्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जुलै २०२४ मध्ये टाल्कला "माणसात कर्करोग घडवण्याची शक्यता बरीच" अशा २-अ गटात टाकलं. हे वर्गीकरण पुरावा किती भक्कम आहे ते सांगतं, धोका किती मोठा आहे ते सांगत नाही. हा फरक लक्षात ठेवा, कारण व्हॉट्सॲपवर तो हमखास गळतो. दुसऱ्या बाजूला, २०२० साली अमेरिकेतल्या अडीच लाखांहून जास्त बायकांच्या माहितीचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात गुप्तांगावर पावडर लावणाऱ्यांमध्ये अंडाशयाच्या कर्करोगाची ठळक वाढ दिसली नाही. म्हणजे वाद मिटलेला नाही. पण मिटेपर्यंत थांबायची गरजही नाही, कारण त्या जागी पावडर लावायचं वैद्यकीय कारणच नाही. गिऱ्हाइकांना तेवढं स्पष्ट सांगा. जॉन्सन अँड जॉन्सनने २०२० मध्ये अमेरिका-कॅनडात आणि २०२३ मध्ये जगभर टाल्कची बेबी पावडर थांबवून मक्याच्या स्टार्चची आणली, ही गोष्ट तुमच्या गिऱ्हाइकाने बहुधा वाचली असणार, आणि प्रश्न तिथूनच आला असणार.

पण बाळाच्या बाबतीत माझं "नको" कर्करोगापाशी सुरू होत नाही. बाळाला न्हाऊ घातल्यावर डबा उलटा करून पावडर झटकतात तेव्हा जो पांढरा ढग उठतो, तो त्याच्या नाकातोंडापासून वीतभर अंतरावर असतो. शंखजिऱ्याची बारीक भुकटी श्वासनळीत गेली की तिथला ओलावा शोषून घेते, आणि डबा हातात घेऊन खेळणाऱ्या बाळांचा श्वास अडकल्याच्या घटना वैद्यकीय साहित्यात नोंदलेल्या आहेत. मक्याचं स्टार्च घातलं तरी भुकटी ती भुकटीच. बालरोगतज्ज्ञ पावडर नको म्हणतात ते याच कारणाने. आपल्या दमट हवेत बाळाला घामोळं येतं हे खरं, पण त्याला उपाय म्हणजे मांड्यांच्या, गळ्याच्या घड्या मऊ सुती कापडाने टिपून कोरड्या ठेवणं आणि सैल कपडे. टाळूवर वेखंडाची पूड चोळतात, तिलाही हेच लागू. गटाला बाळासाठी काही विकायचंच असेल तर सुती लंगोट आणि दुपटी शिवा. मनापासून सांगते, चांगली खपतील.

मोठ्यांच्या पावडरीसाठी शंखजिरे घेणार असाल तर कागद कसा वाचायचा ते बघा. मागे एका गटाने मला पोत्याबरोबर आलेलं प्रमाणपत्र दाखवलं. वर रंगीत चिन्ह, खाली सही-शिक्का, आणि मध्ये एक ओळ: "ॲस्बेस्टॉस: आढळले नाही." बॅच नंबरच्या रकान्यात रेघ. तारीख पोतं यायच्या दोन वर्षं आधीची. तपासणीची पद्धत लिहिलेली नाही आणि किती कमी प्रमाणापर्यंत ते सापडू शकलं असतं, तेही नाही. असा कागद असून नसल्यासारखा. "आढळले नाही" याचा अर्थ कशाने शोधलं यावर पूर्ण अवलंबून असतो. एक्स-रे डिफ्रॅक्शनने (क्ष-किरणांनी खनिज ओळखायच्या पद्धतीने) शोधलं तर साधारण अर्धा टक्का, फार काळजीने केलं तर टक्क्याचा दहावा भाग, त्याखालचं दिसत नाही. अमेरिकी उद्योगाने १९७६ साली स्वतःसाठी जी पद्धत ठरवली तिची मर्यादाही अर्ध्या टक्क्याचीच होती. आता हिशोब करा: १०० ग्रॅमच्या डब्यात अर्धा टक्का म्हणजे अर्धा ग्रॅम, आणि हे तंतू इतके बारीक असतात की एका मिलिग्रॅममध्येही त्यांची संख्या लाखांच्या घरात जाऊ शकते. म्हणून एक्स-रेच्या जोडीला सूक्ष्मदर्शकाची तपासणी, आणि तीही इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची, मागावी लागते. पुरवठादाराला लेखी विचारा: पद्धत कोणती, मर्यादा किती, हाच बॅच तपासला का, प्रयोगशाळेला एनएबीएल या प्रयोगशाळा पारखणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता आहे का आणि ती मान्यता याच चाचणीसाठी आहे का. शेवटचा प्रश्न लोक विसरतात. एखाद्या प्रयोगशाळेला पाणी तपासायची मान्यता असते, खनिजं तपासायची नसते.

रांगोळीच्या दुकानातलं शंखजिरे, कॅरमची पावडर, रबर किंवा रंगाच्या कारखान्यासाठी येणारं शंखजिरे, यातलं काहीही अंगाला लावायच्या मालात घालू नका. दिसायला सारखं, भावात स्वस्त, आणि त्याची तपासणी अंगाला लावायच्या हिशोबाने कोणी केलेली नसते.

आता माती. मुलतानी असो, पांढरी चिनी माती असो, बेंटोनाइट असो, मातीच्या कणांचा गुणच असा की धातू त्यांना चिकटून राहतात. तेलकटपणा शोषून घेते म्हणून आपण जिला चांगली म्हणतो, तीच शोषण्याची ताकद शिशालाही धरून ठेवते. २०१६ साली अमेरिकेच्या एफडीएला (तिथल्या अन्न-औषध नियामक संस्थेला) पोटात घ्यायच्या आणि चेहऱ्याला लावायच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या बेंटोनाइट मातीत जास्त शिसं सापडलं होतं आणि तिने लोकांना ती वापरू नका असं जाहीर केलं. फेसपॅक धुऊन टाकायचा असतो, त्यामुळे त्यातल्या थोड्या शिशाने लगेच काही होत नाही. पण सुकलेला पॅक खरवडून काढताना उडतो, ओठाला लागतो, आणि गरोदर बायांना माती खायचे डोहाळे लागतात हे तुम्हाला मी सांगायला नको. पाकिटावर "पोटात घेऊ नये" हे ठळक छापा. गिऱ्हाइकाला पाण्यात कालवून जाड लेप लावायला सांगा आणि सुकल्यावर आधी ओल्या फडक्याने मऊ करून मग काढायला सांगा.

डोंगरातल्या आपल्या मातीबद्दल, त्या आजींच्या प्रश्नाचं उत्तर. आपला जांभा म्हणजे मूळ खडकातलं विरघळणारं सगळं पावसाने धुऊन नेल्यावर उरलेलं लोखंड आणि ॲल्युमिनियम. बाकीचे जे धातू वाहून गेले नाहीत तेही त्यात साठत जातात, आणि लोखंडाची ऑक्साइडं आर्सेनिकला घट्ट धरून ठेवतात. शिवाय सिंधुदुर्गात सगळीकडे एकच खडक नाही. कणकवलीजवळ क्रोमाइट हे क्रोमियमचं खनिज सापडतं, कासार्डे भागात सिलिकाच्या वाळूच्या खाणी आहेत, रेडीला लोखंडाची. ज्या जातीच्या खडकात क्रोमाइट असतं त्यात क्रोमियम आणि निकेल असतातच, आणि त्याच जातीच्या खडकातून शंखजिरे आणि ॲस्बेस्टॉसही तयार होतात. निकेल आणि क्रोमियमची ॲलर्जी अनेकांना असते. एका वाडीतली माती निर्धोक आणि पलीकडच्या टेकडीची नाही, असं सहज होऊ शकतं, आणि ते डोळ्याला, नाकाला, जिभेला कळत नाही. चिरेखाणीतली लाल भुकटी चाळून "रेड क्ले" म्हणून विकायची कल्पना मला एका तरुण उद्योजकाने मोठ्या उत्साहाने सांगितली होती. मी त्याला आधी नमुना तपासायला लावला आणि प्रत्येक खाणीचा वेगळा लावला. तुम्हालाही तेच सांगेन.

मातीचा दुसरा धोका जुना आणि धातूंहून लवकर दिसणारा: धनुर्वाताचे बीजाणू. जमिनीतून आलेल्या कुठल्याही वस्तूत ते असू शकतात. बाळाच्या नाळेवर माती, राख, पावडर लावू नका हे आरोग्यसेविका सांगतात ते त्यामुळेच. फुटलेल्या मुरमांवर, कापलेल्या-भाजलेल्या जागी कच्ची माती नको. निर्जंतुक केलेली, म्हणजे कोरड्या उष्णतेने किंवा विकिरणाने प्रक्रिया केलेली माती बाजारात मिळते, ती घ्या आणि जंतुतपासणीचा अहवाल मागा. घरच्या ओव्हनमध्ये माती तापवून जंतू कमी होतात, पण तिला निर्जंतुक म्हणता येत नाही, आणि कितीही तापवली तरी शिसं तिथेच राहतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर उघडं पोतं ओलावा धरतंच. संत्रासाल, नागरमोथा, वाळा घातलेल्या उटण्याला बुरशी लागते ती याच चार महिन्यांत. उटणं पावसाळ्यानंतर कुटा, लगेच हवाबंद पाकिटात भरा.

कुंकवापाशी मी जास्त थांबणार आहे, कारण हळदीकुंकवाला ते घराघरात फिरतं आणि मुलांच्या कपाळालाही लागतं.

हळदीवर चुन्याची किंवा टाकणखाराची (बोरॅक्सची) क्रिया करून केलेलं कुंकू ही आपली जुनी रीत. सोलापूर जिल्ह्यातलं केम गाव कुंकवासाठीच ओळखलं जातं. पण बाजारात सुटं मिळणारं स्वस्त कुंकू पुष्कळदा स्टार्च किंवा दगडाच्या भुकटीवर चढवलेला रंग असतो. तो रंग परवानगी असलेला असला तर ठीक. खरी भीती शेंदराची आणि हिंगुळाची. शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड, हिंगूळ म्हणजे पाऱ्याचं सल्फाइड. देवाच्या दगडाला लावायचा शेंदूर आणि कपाळाला लावायचं कुंकू एकाच दुकानात, शेजारच्या बरण्यांत, कित्येकदा एकाच चमच्याने मापलं जातं. रटगर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये अमेरिकेतून आणि भारतातून विकत घेतलेल्या सिंदुराचे ११८ नमुने तपासले. पाचांतल्या चार नमुन्यांत शिसं होतं, आणि तीन नमुन्यांत ते १०,००० पीपीएमच्या वर होतं.

पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत एक भाग; ते चिमटीत धरून बघू. चिमटीत साधारण ५० मिलिग्रॅम कुंकू येतं असं धरा. आपल्या नियमांप्रमाणे प्रसाधनाच्या रंगात शिसं २० पीपीएमपर्यंत चालतं. एवढं शिसं असलेल्या चिमटीत १ मायक्रोग्रॅम शिसं असेल. १०,००० पीपीएमच्या चिमटीत ५०० मायक्रोग्रॅम. लहान मुलाच्या खाण्यातून दिवसाला २.२ मायक्रोग्रॅमच्या वर शिसं जाऊ नये असा अमेरिकेच्या एफडीएचा मापदंड आहे. आईच्या कपाळावरचं कुंकू मुलाच्या बोटाला लागलं आणि बोट तोंडात गेलं, तर पहिल्या चिमटीने फार बिघडत नाही. दुसरीच्या कणभरानेही ते मूल त्या दिवसाची मर्यादा कितीतरी पट ओलांडतं. मुलांचं शरीर गिळलेलं शिसं मोठ्यांपेक्षा बरंच जास्त शोषतं, ते मेंदूच्या वाढीवर बसतं, आणि मुलांसाठी सुरक्षित म्हणावी अशी शिशाची पातळी आजवर सापडलेली नाही.

घरी करता येतील अशा दोन परीक्षा आहेत, पण त्या काय सांगतात आणि काय नाही ते नीट ऐका. लोखंडी पळीत चिमूटभर कुंकू जाळा: स्टार्चवर केलेलं काळं पडून जळतं, दगडाच्या भुकटीवर केलेलं तसंच ढीग धरून राहतं. चुन्याने लाल केलेल्या हळदीच्या कुंकवावर लिंबाचा थेंब टाकला तर ते पिवळं पडतं. यातून भर कशाची आणि रंग कशाचा याचा अंदाज येतो. शिसं आहे की नाही हे यातलं काहीही सांगत नाही. ते फक्त प्रयोगशाळेत, धातूंचं प्रमाण मोजणाऱ्या आयसीपी-एमएससारख्या यंत्रावर कळतं. आणि जाळताना खिडकी उघडी ठेवा, तोंड लांब ठेवा, मुलं जवळ नकोत.

तुम्ही कुंकू करणार असाल तर हळदीपासूनच करा, मात्र अख्खी हळकुंडं आणून स्वतः दळा. दळलेल्या हळदीत चकाकीसाठी लेड क्रोमेट मिसळल्याची प्रकरणं उघड झाली आहेत, म्हणजे शिसं त्या दारानेही येऊ शकतं. टाकणखार बेताने, आणि ते कुंकू लहान बाळांना नको.

काजळाबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण गट वाढला की ते पुढे येतंच. तुपाच्या किंवा एरंडेलाच्या दिव्यावर धरलेली काजळी आणि दगड उगाळून केलेला सुरमा या वेगळ्या गोष्टी आहेत. सुरम्याचा दगड बहुतेक वेळा गॅलेना, म्हणजे शिशाचं सल्फाइड असतो. त्यात निम्म्याहून जास्त वजन शिशाचंच. तो कुठल्याही रूपात विकू नका. घरचं काजळही बाळाच्या डोळ्यात नको, बोटाच्या नखातून जंतू जातात. दृष्ट लागू नये म्हणून तीट लावायची तर तळपायाला लावा.

लिपबामचा रंग. इथे मी एकदा हादरले होते. एका ठिकाणी प्रात्यक्षिकाला गेले तर बामच्या वाटीशेजारी कोब्याला घालायच्या लाल रंगाची पुडी ठेवलेली. जुन्या घरांतल्या जमिनींना जो सुंदर तांबडा तकाकीचा रंग असतो, तोच. "रेड ऑक्साइडच आहे ना, कॉस्मेटिकमध्येही तेच असतं," असं मला सांगण्यात आलं. नाव तेच, माल वेगळा. बांधकामाच्या रेड ऑक्साइडमध्ये शिसं, आर्सेनिक, क्रोमियम किती याची कोणी मोजदाद ठेवत नाही, कारण ते जमिनीवर घालायचं असतं. नैसर्गिक काव किंवा गेरू यांचंही तेच. अमेरिकेत तर प्रसाधनात खाणीतलं लोह-ऑक्साइड चालतच नाही. ते कारखान्यात तयार केलेलंच असावं लागतं आणि त्यात आर्सेनिक ३, शिसं १० आणि पारा ३ पीपीएमच्या वर नसावा लागतो. कारखान्यात शुद्ध क्षारांपासून घडवलेला रंग खाणीतल्यापेक्षा स्वच्छ असतो, हे पचायला जड जातं, पण तसंच आहे. ओठावरचं थोडं थोडं दिवसभर पोटात जातं. म्हणून एफडीएने २०१६ मध्ये ओठांच्या प्रसाधनांत शिसं १० पीपीएमच्या आत ठेवण्याची शिफारस केली. कोकमाचं तेल आणि मेण घालून तुमचा बाम बिनरंगी काढा. कोकमाच्या बामला रंगाची गरजच नाही, असं माझं मत.

गणपतीच्या रंगांतलं, पेणहून येणाऱ्या मूर्तीच्या रंगकामातलं उरलेलंही तसंच बाजूला ठेवा. शिमग्याला पालखीवर उधळायचा गुलाल हा तर श्वासात जाणारा पदार्थ, तो स्टार्चचा आणि पाकिटबंद घ्या. दशावतारी कलाकार रात्रभर चेहऱ्यावर पांढरा आणि तांबडा रंग लावून घाम गाळतात. त्यांच्या पेटीत औषधी प्रतीचं झिंक ऑक्साइड असावं. जस्ताच्या खनिजाबरोबर शिसं आणि कॅडमियम निघतात, आणि रबर-रंगाच्या प्रतीच्या झिंक ऑक्साइडमध्ये ती राहतात. जुन्या मंडळींकडचं मुरदाडशिंग तर शिशाचंच ऑक्साइड. ते कुणी आजही जपून ठेवलं असेल तर वापरातून काढा.

उन्हासाठीच्या क्रीममधलं झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड यांची मला फारशी चिंता नाही. काळबादेवी, मालगुंड, नेवरे या किनाऱ्यांवर जी काळी वाळू चमकते तिच्यात इल्मेनाइट आहे; टायटॅनियम डायऑक्साइड त्याच खनिजापासून करतात. मलमात मिसळलेले त्याचे बारीक कणसुद्धा धड कातडीच्या वरच्या मेलेल्या थरातच अडकतात. कोरडी भुकटी किंवा फवारा मात्र नको, तिथे पुन्हा नाक आलं. होडीवर, आंब्याच्या बागेत दिवसभर उन्हात असणाऱ्यांनी अशी क्रीम बिनधास्त लावावी. फक्त ती परवाना क्रमांक असलेल्या कंपनीची असावी, घरी करू नये.

पाऱ्याचं थोडक्यात: गोरं करणारी, नाव-पत्ता नसलेली क्रीम गटात विकायला घेऊ नका. २०२३ मध्ये केरळात मलप्पुरममध्ये अशा क्रीम लावणाऱ्यांच्या मूत्रपिंडांना इजा झाल्याची प्रकरणं समोर आली. नियमांनुसार डोळ्यांची सोडून इतर प्रसाधनांत नकळत आलेला पाराही १ पीपीएमच्या वर चालत नाही.

आणि कायदा. विकण्यासाठी प्रसाधन तयार करायला १९४०चा औषध व सौंदर्यप्रसाधन कायदा आणि २०२०चे सौंदर्यप्रसाधन नियम लागू होतात. परवाना अन्न व औषध प्रशासनाकडून घ्यावा लागतो. स्वतःचा कारखाना नसेल तर परवानाधारक कारखान्यात आपला माल करून घेण्याचा लोन लायसन्सचा मार्ग आहे, आणि लहान गटाला तो परवडतो, कारण तपासणीची सोय तिथे असते. पाकिटावर घटकांची यादी, बॅच नंबर, परवाना क्रमांक आणि वापरायची मुदत हवीच. मुंबईचं गिऱ्हाइक दुकानदार असेल तर तो हे पाहिल्याशिवाय माल ठेवणार नाही, ठेवूही नये.

तुमच्याकडे आता जी मुलतानीची आणि शंखजिऱ्याची पोती पडली आहेत ती विकायला काढू नका, टाकूनही देऊ नका. नमुना पाठवा. वरवरचा एक चमचा पाठवून उपयोग नाही. जड कण तळाशी बसतात. पोत्याच्या वर, मध्ये आणि तळाशी, तिन्ही ठिकाणांहून कोरड्या स्टीलच्या चमच्याने सारखं सारखं घ्या, तोंडाला मास्क बांधा, सगळं एका नव्या पिशवीत मिसळा. त्याचे दोन भाग करा. एक प्रयोगशाळेला, एक सील करून बॅच नंबर आणि तारीख घालून आपल्या कपाटात. मातीसाठी शिसं, आर्सेनिक, पारा, कॅडमियम, क्रोमियम, निकेल आणि जंतुतपासणी मागा. शंखजिऱ्यासाठी त्याशिवाय ॲस्बेस्टॉस, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासह. खर्च जास्त वाटला तर शेजारच्या दोन-तीन गटांनी एकाच पुरवठादाराकडून एकाच बॅचचा माल घ्यावा आणि अहवालाचे पैसे वाटून द्यावेत. अहवाल आला की त्यातले आकडे मला पाठवा, आपण बसून वाचू.